भावना सावरताना फोन कसा वापरावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचा निकाल, फीची मुदत, मेसचे पैसे, घरची खुशाली आणि मित्रांचे रुसवेफुगवे हे सारे एकाच फोनवर येऊन पडते. मन बिघडवणारी बातमी जिथे येते तिथेच मन सावरण्याची साधनेही असतात, पण मन बिघडल्यावर ती शोधत बसण्याइतका धीर कोणालाच राहत नाही. म्हणून पुढील मांडणी एखाद्या निवांत दुपारी करून ठेवावी आणि नवे ॲप घेण्याआधी फोनमध्ये असलेल्या सोयी कामाला लावाव्यात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार आधी प्रसंग, मग त्याकडे गेलेले लक्ष, मग आपण लावलेला अर्थ आणि शेवटी शरीराची व वागण्याची प्रतिक्रिया अशा क्रमाने भावना घडत जाते. यातल्या कोणत्याही टप्प्यावर काही करता येते, मात्र जितके उशिरा करावे तितके ते जड जाते. फोनची मांडणी याच क्रमाने केलेली बरी.

पहिले काम प्रसंग आणि लक्ष यांचे. निकाल लागणार असेल त्या दिवशी वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आठ तासांसाठी म्यूट करावा. आपला निकाल आपण संकेतस्थळावर पाहावा आणि इतरांच्या गुणपत्रिका दुसऱ्या दिवशी. ज्या ग्रुपमध्ये गेल्यावर दर वेळी मन खट्टू होते तो ‘नेहमीसाठी’ म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकावा, म्हणजे ग्रुप सोडल्याची चर्चाही होत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ या नावाने ॲपला रोजची वेळमर्यादा घालता येते. यात एक मेख आहे. अँड्रॉइडवरील मर्यादा मध्यरात्री नव्याने सुरू होते, त्यामुळे रात्री बारानंतर रील्स पाहणाऱ्याला ऐन झोपेच्या वेळी नवा कोटा मिळतो. यावर उपाय म्हणून ‘बेडटाइम मोड’ रात्री अकरापासून लावावा. त्यात पडदा करडा होतो, सूचना थांबतात आणि पाहण्यातली गोडी बरीच कमी होते.

दुसरे काम नोंदीचे, आणि सर्वाधिक उपयोग याचाच होतो. भावनेला शब्द दिल्याने तिची धग कमी होते, हा अनुभव सर्वांचाच आहे. कॅलिफोर्नियातील मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या स्कॅनवरील अभ्यासातही, चेहऱ्यावरील भावनेला नाव देताना भीतीशी निगडित अमिग्डला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. मात्र ‘मूड ऑफ’ ही नोंद कुचकामी आहे, कारण लाज, भीती, मत्सर, एकटेपणा आणि नुसती भूक यांतले काहीही तिच्यात मावते. उपयोगी नोंद साधारण अशी असते: ‘मंगळवार, रात्री ११.४०. ग्रुपवर गुणपत्रिकांचे फोटो. लाज ७, भीती ५. छातीत धडधड, डबा तसाच. बाबांनी कापूस विकून फी भरली, आता काय सांगू, हाच विचार. झोप दोननंतर.’ यात वेळ, प्रसंग, शून्य ते दहा या मापावरील तीव्रता, शरीरात काय झाले, मनात कोणते वाक्य होते आणि नंतर काय केले एवढे सगळे आले, आणि लिहायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

ही नोंद कोणत्याही नोट्स ॲपमध्ये करता येते. धडगाव, अक्कलकुव्याकडे किंवा सातपुड्यातल्या पाड्यावर सुट्टीला गेल्यावर रेंज मिळेलच असे नाही, म्हणून नेटशिवाय चालणारे ॲप निवडावे. टाइप करणे जड जात असेल तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडून माइकवर बोलावे. ही सोय प्रमाण मराठीसाठी आहे. राग आला की ज्याच्या तोंडी अहिराणी किंवा पावरी येते त्याने सरळ फोनचा रेकॉर्डर सुरू करून बोलून घ्यावे. घरी गेल्यावर फोन भावंडांच्या हाती पडतोच, त्यामुळे त्या ॲपला कुलूप लावायला विसरू नये.

दोन आठवड्यांनी सहाच्या वरचे आकडे तेवढे काढून पाहावेत. ते बहुधा ठरावीक जागीच सापडतात: रात्री अकरानंतर, डबा चुकलेल्या दिवशी, किंवा रविवारी घरून फोन येऊन गेल्यावर. असे काही दिसले तर बदल प्रसंगात करावा. घरचा फोन रात्रीऐवजी सकाळी घ्यावा, डबा वेळेवर खावा. ‘बाबांना काय सांगू’ या वाक्याखाली दुसऱ्या दिवशी, डोके थंड असताना, त्याचे खरेखुरे उत्तर लिहावे: कोणता विषय राहिला, पुनर्परीक्षा कधी, फी किती.

भावना शरीरात उतरल्यावर लिहिणे सुचत नाही, तेव्हा श्वास. चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर या गतीने मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणे लांबवायचे. फोनवर पाच मिनिटांचा टायमर लावून पडदा उलटा ठेवावा. चक्कर आली तर थांबावे.

रागाच्या भरात मेसेज पाठवायचा असेल तर तो आधी नोट्समध्ये लिहावा आणि वीस मिनिटांचा अलार्म लावावा. व्हॉट्सॲपवरचा मेसेज नंतर सर्वांसाठी खोडता येतो खरा, पण खोडल्याची खूण मागे राहते, आणि ती खूण पाहून समोरचा काय काय कल्पना करील याचा नेम नाही.

यापुढेही ॲप हवेच असेल तर एकच घ्यावे. मूडच्या नोंदीसाठी डेलिओ, ध्यानासाठी विनामूल्य असलेले मेडिटो, आणि बोलत्या चॅटबॉटचा प्रयोग करायचा असेल तर बंगळुरूत सुरू झालेले वायसा ही ओळखीची नावे आहेत. चॅटबॉट रात्री दोनला सोबत करतो, पण सर्वसाधारण एआय चॅटबॉटला बोलणाऱ्याच्या मताला मान डोलावण्याची खोड असते, आणि ‘सगळे माझ्या विरुद्ध आहेत’ या विचाराला दुजोरा मिळणे हे त्या वेळी सर्वांत घातक. शिवाय अशी सेवा बंदही पडते. वोबॉट नावाचे गाजलेले ॲप ३० जून २०२५ रोजी बंद झाले. म्हणून नोंदी बाहेर काढून घेण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे. गुप्ततेबाबत प्ले स्टोअरमधील ‘डेटा सेफ्टी’चा मजकूर वाचावा, मात्र तो ॲप बनवणाऱ्याने स्वतःच भरलेला असतो हे ध्यानात ठेवावे. अमेरिकेत बेटरहेल्प या समुपदेशन सेवेने ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याबद्दल २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर मोजावे लागले. खरे नाव, महाविद्यालय आणि संपर्क यादीची परवानगी यांतले काहीही देण्याची गरज नसते.

होमस्क्रीनवर तीन क्रमांक थेट लागतील असे ठेवावेत: ज्याच्याकडे रडता येते असा एक मित्र किंवा मैत्रीण, घरातले किंवा नात्यातले एक मोठे माणूस, आणि १४४१६. हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा मोफत आणि चोवीस तास असून मराठीत बोलता येते, आणि साध्या कीपॅडच्या फोनवरूनही तो लागतो. जिवाला धोका वाटत असेल तर ११२.

सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे तपासणारी नऊ प्रश्नांची चाचणी सोडवावी. एकूण गुण २७ असतात. १० किंवा अधिक आल्यास तज्ज्ञाला भेटावे, आणि स्वतःला इजा करण्याविषयीच्या नवव्या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ याखेरीज काहीही उत्तर आले तर एकूण गुण न पाहता त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील मानसोपचार विभागात चौकशी करावी. ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, त्यामुळे सगळी डायरी पुढे न करता झोपेच्या वेळा, सहाच्या वरच्या नोंदी आणि त्या आधी काय घडले होते एवढे एका पानावर उतरवून न्यावे. घरून गोळ्या चालू असतील तर त्यांच्या पाकिटाचा फोटोही सोबत असू द्यावा.