औषधाची माहिती इंटरनेटवर शोधताना : आधी नाव पक्के करा

आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका, औषध दुकानातील फार्मासिस्ट आणि बंधपत्रावर नुकतेच रुजू झालेले डॉक्टर यांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. घरातल्या आजारी माणसाची औषधे सांभाळणाऱ्या कोणालाही तो वाचता येईल. मात्र त्याने यातून मात्रा ठरवू नये, डॉक्टरांना विचारायचा प्रश्न तेवढा नेमका करून घ्यावा. सातपुड्याच्या पायथ्याशी औषध भांडार सांभाळताना मी हे काम इतक्या वेळा केले आहे की, 'गुगलवर टाका, सगळे येते' हा सल्ला ऐकला की माझा संयम सुटतो. सगळे येते हे खरेच आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे.

पहिली पायरी : औषध हातात घ्या

तोंडी सांगितलेले नाव, चिठ्ठीचा फोटो किंवा रुग्णाने केलेले 'बीपीनी गोयी' (बीपीची गोळी) हे वर्णन यावर शोध सुरू करू नका. स्ट्रिप, बाटली किंवा खोका समोर ठेवा.

दुसरी पायरी : आत काय आहे ते लिहून काढा

सारे काम येथेच बिघडते, म्हणून येथे मी थांबून सांगणार आहे. शोधाच्या चौकटीत ब्रँडचे नाव टाकू नये. कधीही नाही. आधी स्ट्रिपच्या मागच्या बारीक अक्षरांतील घटकद्रव्ये, प्रत्येकाचे प्रमाण आणि औषधाचे रूप (साधी गोळी, सावकाश विरघळणारी गोळी, सिरप, थेंब) कागदावर लिहावे, आणि मगच मोबाइल हातात घ्यावा.

हा नियम मला कोणी शिकवला नाही, तो चुकून शिकावा लागला. बाजाराच्या दिवशी एक वयस्क शेतकरी दोन स्ट्रिप घेऊन आले होते. एक आमच्याच तालुक्यातील होती. दुसरी, मुलगा कामाला असलेल्या सुरतेहून आणलेली, आणि तिच्यासोबतची चिठ्ठी गुजरातीत होती. रक्तदाबाच्या या दोन वेगवेगळ्या गोळ्या एकत्र चालतील का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. रांग मोठी होती, म्हणून मी दोन्ही ब्रँडची नावे, औषधे एकमेकांवर परिणाम करतात का (म्हणजे परस्परक्रिया) हे सांगणाऱ्या एका परदेशी तपासणी-पानावर टाकली. एक नाव त्या पानाला ठाऊकच नव्हते आणि दुसऱ्याऐवजी त्याने मिळत्याजुळत्या नावाचे तिसरेच औषध उचलले. निकाल आला की परस्परक्रिया नाही. मी त्यांना दोन्ही घ्या म्हणून सांगितले. त्यांना उठल्यावर चक्कर येते, हे आमच्या सिस्टरांच्या लक्षात आले आणि त्यांनी बारीक अक्षरे मोठ्याने वाचली: एका गोळीत टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन, दुसरीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. म्हणजे टेल्मिसार्टन दोनदा पोटात जात होते. त्या पानाने माझी फसवणूक केली नव्हती. मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

ब्रँडच्या नावाला देशाची सीमा ओलांडली की काही अर्थ उरत नाही. 'फ्लोमॅक्स' या नावाने अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासावरील टॅमसुलोसिन विकले जाते आणि त्याच नावाने इटलीत वेदनाशामक विकले जात असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये अशा नावांबद्दल जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडे तर सीमा ओलांडण्याचीही गरज नाही. नावाच्या शेवटी चिकटलेली इंग्रजी अक्षरे हीच येथील खरी गोम आहे. रक्तदाबाच्या गोळीमागे 'एएम' असेल तर बहुधा अ‍ॅम्लोडिपिन आणि 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड असते. अँटिबायोटिकमागे 'सीव्ही' म्हणजे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल, 'ओझेड' म्हणजे ऑर्निडॅझोल. पित्ताच्या कॅप्सूलमागे 'डी' म्हणजे डोम्पेरिडोन. वेदनाशामकामागे 'एसपी' म्हणजे सेरॅशिओपेप्टिडेज आणि पॅरासिटामॉल. हे तोंडपाठ असले तरी त्यावर विसंबू नये, कारण 'एमआर' ही दोन अक्षरे मधुमेहावरील ग्लिक्लाझाइडमागे आली तर गोळी सावकाश विरघळणारी असते, आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकमागे आली तर आत क्लोरझॉक्सॅझोनसारखे स्नायू सैल करणारे औषध असते. पहिली गोळी कुटून देऊ नये. दुसरीमुळे झोप येऊ शकते, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सांगावे लागते. मी काही काळ दोन्हींच्या रुग्णांना 'गोळी चावू नका' एवढेच बजावत होतो, आणि झोपेविषयी एक शब्दही बोलत नव्हतो.

यानंतर आकड्यांचा घोळ येतो. खोक्यावर ठळक छापलेला '६२५' हा आकडा अ‍ॅमॉक्सिसिलिनचा नसून ५०० मि.ग्रॅ. अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि १२५ मि.ग्रॅ. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांची बेरीज आहे. परदेशी पानांवर हेच औषध ५००/१२५ असे दिसते. पॅरासिटामॉलच्या थेंबांत बहुधा दर मि.लि.ला १०० मि.ग्रॅ. औषध असते, तर १२५ मि.ग्रॅ. प्रति ५ मि.लि. सिरपमध्ये दर मि.लि.ला २५, म्हणजे थेंब चौपट तीव्र. थेंबांची बाटली संपल्यावर आई सिरप आणते किंवा सिरप संपल्यावर थेंब आणते आणि माप मात्र जुनेच ठेवते, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून द्रवरूप औषधाचे प्रमाण लिहिताना 'किती मि.लि.त' हे लिहिल्याखेरीज पुढे जाऊ नका.

क्षार (ज्या संयुगाच्या रूपात औषध गोळीत असते ते) आणि मूळ द्रव्य (त्यातील प्रत्यक्ष औषध) यांतील फरकाने तर माझी चांगलीच फजिती केली. हिवतापावरील क्लोरोक्वीनची प्रौढांसाठी पहिली मात्रा अमेरिकी माहितीपत्रकात १ ग्रॅम लिहिलेली होती आणि आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात ६०० मि.ग्रॅ. दोहोंपैकी एक चूक असणार असे ठरवून मी तक्त्याखाली पेन्सिलीने दुरुस्तीही करून ठेवली. दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती माझ्याच हाताने पुसायला लावली, कारण दोन्ही आकडे एकच होते: २५० मि.ग्रॅ. क्लोरोक्वीन फॉस्फेटच्या गोळीत मूळ क्लोरोक्वीन १५० मि.ग्रॅ. असते, म्हणून चार गोळ्या म्हणजे क्षाराच्या हिशेबाने १ ग्रॅम आणि मूळ द्रव्याच्या हिशेबाने ६०० मि.ग्रॅ. लोहाच्या गोळ्यांतही हेच आहे. सरकारी रक्तक्षय कार्यक्रमातील ६० मि.ग्रॅ. हा आकडा मूळ लोहाचा आहे, लोहाच्या क्षाराचा नाही. दोन विश्वासू ठिकाणी वेगळे आकडे दिसले तर कोणाला तरी मूर्ख ठरवण्याआधी 'हा आकडा कशाचा?' हे विचारावे.

शेवटचा अडथळा म्हणजे एकाच द्रव्याची दोन नावे. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन होते, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रिनलिन एपिनेफ्रिन, ग्लिबेनक्लामाइड ग्लायब्युराइड आणि रिफॅम्पिसिन रिफॅम्पिन. ब्रिटिश पानांवरही गफलत होते: नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेलच्या रुग्णांना जे हायड्रॉक्सीयुरिया दिले जाते, ते तेथे हायड्रॉक्सीकार्बामाइड या नावाखाली आहे. 'काही सापडले नाही' असे उत्तर आले की औषधाची माहिती नाही असा अर्थ काढू नका. आधी दुसरे नाव शोधा. ते औषध त्या देशात विकलेच जात नसेल, ही शक्यताही ध्यानात ठेवा. नाइमसुलाइड आणि डोम्पेरिडोन यांना अमेरिकेत विक्रीची मान्यता नाही, म्हणून तेथील माहितीपत्रकांच्या संग्रहात ती शोधणे व्यर्थ आहे.

तिसरी पायरी : प्रश्नाप्रमाणे ठिकाण निवडा

नाव पक्के झाले की उरलेले काम पाच मिनिटांचे आहे, कारण चांगली ठिकाणे मोजकी आहेत आणि त्यांतील बहुतेक फुकट आहेत. मात्रा, निषिद्ध परिस्थिती आणि दुष्परिणाम यांसाठी औषध नियामकाने मंजूर केलेले माहितीपत्रक वाचावे. अमेरिकेची माहितीपत्रके तेथील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या 'डेलीमेड'वर असतात आणि ब्रिटनची 'ईएमसी' या संकेतस्थळावर. माहितीपत्रक अथपासून इतिपर्यंत वाचत बसू नका. ब्रिटिश पत्रकांतील क्रमांक ठरलेले असतात: ४.२ मात्रा, ४.३ कोणाला देऊ नये, ४.५ परस्परक्रिया, ४.६ गर्भधारणा व स्तनपान, ४.९ अतिमात्रा, आणि अगदी शेवटी १० सुधारणेची तारीख. हे सहा क्रमांक मी भांडाराच्या कपाटावर चिकटवले होते.

स्तनपान देणाऱ्या मातेसाठी 'लॅक्टमेड' उघडावे. 'स्तनपानात टाळावे' असे माहितीपत्रकात अनेकदा छापलेले असते, तर लॅक्टमेडमध्ये दुधात औषध किती उतरते याची उपलब्ध माहिती मिळते, आणि त्यामुळे कित्येक बाळांचे दूध विनाकारण तुटण्याचे टळते. एचआयव्हीच्या औषधांची परस्परक्रिया लिव्हरपूल विद्यापीठाच्या पानावर पाहावी. क्षयाच्या रुग्णाला रिफॅम्पिसिन सुरू असताना एचआयव्हीवरील डोल्युटेग्रॅव्हिर ५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा द्यावे लागते, हे तेथे लगेच सापडते. किमतीसाठी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाचे 'फार्मा सही दाम' पुरेसे आहे.

औषधे घरपोच देणाऱ्या संकेतस्थळांवरील माहिती घटकद्रव्ये ताडून पाहण्यापुरती वापरावी, मात्रेसाठी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तारीख नसलेल्या पीडीएफ मी उघडत नाही. शोधयंत्राच्या माथ्यावर हल्ली जे तयार उत्तर येते, ते माहितीपत्रक वाचून झाल्यावर करमणूक म्हणून वाचायला हरकत नाही.

चौथी पायरी : भारतीय ताळा

परदेशी पत्रक कितीही चांगले असले तरी ते आपल्या रुग्णासाठी लिहिलेले नाही. म्हणून भारतीय औषधसंहिता आयोगाची 'नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया' (सहावी आवृत्ती, २०२१) आणि ३८४ औषधांची २०२२ ची राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूची जवळ असावी. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या संकेतस्थळावर बंदी घातलेल्या मिश्रणांच्या अधिसूचना असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्रणांवर एकदम बंदी आली होती. नाइमसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून मनाई आहे, हेही परदेशी पान तुम्हाला सांगणार नाही.

केळीच्या बागेत आणि कपाशीच्या वावरात जे घडते, त्याचे उत्तर तर भारतीय स्रोतांतच शोधावे लागते. आपली बहुसर्पविषरोधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आहे, आणि लहान मुलालाही ती प्रौढाइतकीच द्यायची असते, कारण सापाने सोडलेले विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या उपचार मार्गदर्शिकेत आहे. विंचूदंशावरील प्राझोसिन हे याहून बोलके उदाहरण आहे. अमेरिकी माहितीपत्रकात ते फक्त रक्तदाबाचे औषध म्हणून दिसेल, आणि पत्रकापाशी थांबणारा माणूस विंचूदंशात ते दिलेले पाहून दचकेल. विंचूदंशावरील डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे महाडचे काम पबमेडवर (वैद्यकीय संशोधन-लेखांच्या सूचीत) शोधले तर सापडते. २०११ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विंचूविषरोधक लस आणि प्राझोसिन एकत्र दिलेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर बरे झाले. पत्रक काहीच सांगत नाही आणि तरी अनुभवी डॉक्टर ते औषध देतात, अशा वेळी पबमेडकडे जावे. एरवी पबमेडने सुरुवात करू नये, एक गोळी शोधायला जाऊन चारशे लेख पदरी पडतात.

पाचवी पायरी : परस्परक्रिया तपासणे

घटकद्रव्यांची नावे टाका, ब्रँडची नाही. पडद्यावर आलेली प्रत्येक औषधाची नोंद तुमच्या कागदाशी जुळते का ते पाहा. 'गंभीर' म्हणून दाखवलेली नोंद लगेच मनावर घ्या, बाकी यादी शांतपणे वाचा. एकच द्रव्य दोनदा येत आहे का, हे मात्र कागदावर स्वतः तपासा.

सहावी पायरी : उत्तर नोंदवा आणि दुष्परिणाम कळवा

वहीत तारीख, द्रव्याचे नाव, प्रश्न, कोठे पाहिले आणि कोणत्या तारखेची माहिती होती, एवढे लिहावे. तोच प्रश्न महिनाभरात पुन्हा येतो. औषधाने त्रास झाल्याचा संशय आला तर गाझियाबादहून चालणाऱ्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कार्यालयीन वेळेत कळवता येते, आणि रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही आहे. संशय पुरतो, पुरावा लागत नाही. ओळखता येईल असा रुग्ण, कळवणारा, संशयित औषध आणि झालेला त्रास, या चार गोष्टी मात्र लागतात. बॅच क्रमांक असल्यास उत्तमच, पण आपल्याकडे दोन-चार गोळ्या कापून देण्याची रीत असल्याने तो बहुतेकदा दुकानातच राहिलेला असतो. म्हणून गोळ्या नेहमी बॅच आणि मुदत छापलेल्या टोकाच्या उलट बाजूने कापाव्यात, आणि रुग्णाच्या पुडीवर तो क्रमांक पेनाने लिहून द्यावा.