गोव्याच्या दमट हवेतला चॉकलेट केक: या चुका टाळा

घरी केलेला चॉकलेट केक मध्येच बसला, तळाला तेलकट झाला किंवा दडदडीत निघाला की दोष प्रमाणाला दिला जातो आणि पुढच्या खेपेस मैदा नाहीतर सोडा वाढवला जातो. प्रत्यक्षात प्रमाण पुष्कळदा बरोबरच असते. बहुतेक पाककृती थंड, कोरड्या हवेच्या प्रदेशांत बेतलेल्या असतात, आणि म्हापसा किंवा फोंड्याच्या स्वयंपाकघरात त्या शब्दशः पाळल्या, तर बिघाडाची सुरुवात लोणी फेटतानाच होते.

पाककृतीत ‘लोणी खोलीच्या तापमानाला आणावे’ असे लिहिलेले असते तेव्हा ती खोली साधारण २० अंश सेल्सिअसची धरलेली असते. आपल्याकडे दुपारी पारा सहज तिशीच्या वर जातो आणि लोणी तर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते, त्यामुळे सकाळीच बाहेर काढून ठेवलेले लोणी फेटायला घेईपर्यंत निम्मे तूप झालेले असते. फेटताना साखरेचे कण लोण्यात घासले जाऊन त्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंडले जातात. सोडा किंवा बेकिंग पावडर नवे बुडबुडे निर्माण करत नाही, असलेलेच फुगवते. पातळ लोण्यात हवा टिकत नाही, म्हणून केक फुगत नाही आणि स्निग्धांश तळाला उतरतो. लोणी फेटण्याआधी फार तर १० ते १५ मिनिटे बाहेर काढावे. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट आरपार जाऊ नये आणि पृष्ठभाग चकाकू नये. फेटता फेटता मिश्रण सैल, चकचकीत दिसू लागले, तर भांडे १० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटावे. मैदा घालून ते घट्ट करण्याचा मोह आवरावा. वाणसामानातली जाड दाण्याची साखर लोण्यात नीट मिसळत नाही, ती मिक्सरमध्ये किंचित फिरवून घ्यावी, आणि लोणी खारट असेल तर पाककृतीतले मीठ वगळावे.

दुसरी चूक खास आपल्याकडची म्हणावी लागेल. बातिकेचे, म्हणजे गोव्याच्या पारंपरिक रवा-नारळाच्या केकचे, मिश्रण कित्येक तास, कधी रात्रभर भिजत ठेवायची ज्या घरांत सवय आहे, तिथे चॉकलेट केकचे मिश्रणही निवांत झाकून ठेवले जाते. रव्याला भिजण्यासाठी तो वेळ लागतोच, परंतु इथे सोडा ताक, दही किंवा कोको यांच्या आम्लाशी भिडताच वायू सोडू लागतो आणि तो भांड्यातच उडून जातो. ओव्हन आधी तापवावा, साच्याला बटर पेपर लावून ठेवावा आणि कोरडे व ओले जिन्नस अगदी शेवटी एकत्र करावेत. मैदा दिसेनासा झाला की हात थांबवावा, कारण पुढच्या प्रत्येक ढवळण्याने मैद्यातले ग्लूटेन हे चिवट प्रथिन वाढते आणि केक चिवट होतो.

कोकोचा प्रकारही पाहावा. नैसर्गिक कोको आम्लधर्मी असतो आणि सोड्याबरोबर काम करतो. अल्कली प्रक्रिया केलेला, ज्याला डच कोको म्हणतात, तो गडद दिसतो पण त्याच्यात ते आम्ल उरलेले नसते. अशा वेळी ताक-दह्यासारखे दुसरे आम्ल नसताना नुसता सोडा घातला, तर केक साबणासारखा लागतो. तिथे बेकिंग पावडर हवी. एक कप मैद्याला पाव छोटा चमचा सोडा पुरेसा असतो. पावसाळ्यात बेकिंग पावडरच्या उघड्या डब्यावर विसंबू नये. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकावी. जोरात फसफसली नाही, तर ती फेकून द्यावी.

लहान ओव्हनच्या बटणावर १८० लिहिलेले असले तरी आत तेवढेच तापमान असेल याची खात्री नसते. केक वरून फुटून डोंगरासारखा वर आला, तर उष्णता जास्त आहे असे समजावे. ओव्हनमधला पंखा चालू ठेवून भाजत असल्यास तापमान १५ ते २० अंशांनी कमी ठेवावे. पहिली २५ मिनिटे दार उघडू नये. जोरदार पावसात मध्येच वीज गेली तरीही नाही. बंद ओव्हन बराच वेळ गरम राहतो आणि वीज लवकर आली तर केक वाचू शकतो. भाजल्याची परीक्षा करताना सळई अगदी कोरडी निघण्याची वाट पाहणे हीदेखील चूकच आहे. भरपूर चॉकलेटच्या केकमध्ये सळईला चार ओलसर कण चिकटलेले असावेत, ओले मिश्रण मात्र नसावे.

वरच्या आवरणासाठी चॉकलेट वितळवताना त्यात वाफेचा एखादा थेंब पडला की ते एकदम दाणेदार गोळा होते, आणि घाबरून ते टाकून दिले जाते. टाकण्याचे कारण नाही: गरम क्रीम चमच्याचमच्याने घालत ढवळत राहिल्यास ते पुन्हा मऊ होते, साच्यात ओतायला चालत नाही, पण केकवर पसरायला उत्तम. एरवी चॉकलेट आणि क्रीम समभाग घेतात. आपल्या उकाड्यात ते ओघळते, त्यातून बाजारातल्या पाकिटातले क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचे म्हणजे पातळच असते; म्हणून चॉकलेट दीडपट ते दुप्पट घ्यावे. केक पूर्ण गार होईपर्यंत आवरण ओतू नये.

असा केक दमट दिवसांत बाहेर राहू देऊ नये, फ्रिजमध्येच ठेवावा. मात्र उघडा ठेवल्यास तो मासळीचा वास धरतो, आणि बाहेर काढताच झाकण उघडले तर आवरणावर पाण्याचे थेंब जमतात. हवाबंद डबा बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्यावा आणि मगच केक कापावा, कारण फ्रिजमध्ये लोणी घट्ट झाल्याने लगेच कापलेला तुकडा कोरडा लागतो.