अणुवीज केंद्रावर आंतरराष्ट्रीय देखरेख कोणती, हे कसे तपासावे

एखाद्या अणुवीज केंद्रात ‘आंतरराष्ट्रीय तपासणी होते’ असे वाचनात आले, तर आधी विचारावे : कोणत्या अणुभट्टीची? पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या आवारात चार अणुभट्ट्या आहेत. १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन व्हिएन्नास्थित आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निगराणीखाली आहेत. २००५-०६ मध्ये वीज देऊ लागलेल्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या उरलेल्या दोन मात्र नाहीत. जपानसारख्या देशात हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण अण्वस्त्रप्रसारबंदी करारानुसार तिथले सर्वच आण्विक साहित्य निगराणीत येते. भारताने तो करार केलेला नसल्यामुळे इथे एकेक अणुभट्टी पाहावी लागते.

त्यानंतर इंधन कुठून येते ते पाहावे. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या साहाय्याने उभ्या राहिल्या आणि त्यांना बाहेरून आणलेले समृद्ध युरेनियम लागते. ते केवळ शांततेच्या कामी वापरले जाईल, ही पुरवठादाराची अट असते. तथापि एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. २००९ साली भारताने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी केलेल्या वेगळ्या, निगराणीच्या करारानंतर नरोरा, काक्रापार येथील स्वदेशी अणुभट्ट्याही निगराणीखाली आल्या आणि त्यांना आयात युरेनियम वापरता येऊ लागले. म्हणून संस्थेच्या संकेतस्थळावरील, या कराराचा मजकूर असलेले ७५४ क्रमांकाचे परिपत्रक (INFCIRC/754) आणि त्याला वेळोवेळी जोडलेली, निगराणीखालील अणुभट्ट्यांची यादी स्वतः वाचावी.

सर्वांत मोठी गल्लत पुढे होते, आणि ती टाळणे मला फार महत्त्वाचे वाटते. निगराणीचे निरीक्षक इंधनाचा हिशेब तपासतात, मोहोरा लावतात, कॅमेऱ्यांतील नोंदी पाहतात. इंधन शस्त्रांकडे वळवले गेले नाही ना, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. नळ्या झिजल्या आहेत का, पंप नीट चालतात का, हे पाहणे त्यांचे काम नव्हे. सुरक्षिततेसाठी याच संस्थेची वेगळी पथके असतात, परंतु ती त्या देशाच्या निमंत्रणावरूनच येतात आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक नसतात. २०१२ साली रावतभाटा येथील तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी असे पथक आले होते. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर, १९८९ साली, अणुवीज केंद्रे चालवणाऱ्यांनी स्थापन केलेली जागतिक संघटनाही परस्पर तपासणी करते, मात्र तिचे अहवाल सहसा जाहीर होत नाहीत.

त्यामुळे केंद्राजवळ राहणाऱ्यांनी किरणोत्साराच्या मोजमापाविषयी मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, आणि आणीबाणीत गाव रिकामे करण्याच्या आराखड्याविषयी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी.