चिनी कपाट घ्यायचंय? आधी जमिनीवर बसा

बीजिंगच्या पानजियायुआन बाजारात मी पहिलं कपाट पाहिलं ते उभ्याने. दारावर पितळेची मोठी गोल चकती, लाखेचा लाल रंग, झिजलेले कोपरे. दुकानदार म्हणाला, छिंग राजवटीतलं. मी पाघळले. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी काही न बोलता खण ओढून काढला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. खाली यंत्राच्या करवतीच्या कमानदार रेघा, सगळ्या सारख्या अंतरावर. वरून दीडशे वर्षांचं, खालून गेल्या वर्षीचं!

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. पर्समध्ये टॉर्च ठेवायचा आणि दुकानात सरळ जमिनीवर बसायचं. पाठची फळी, खणाचा तळ, पायांची टोकं बघायची. जिथे कुणाचा हात किंवा पाय लागणारच नाही तिथेही झीज असेल, तर ती पॉलिश पेपरची कमाल. खणात नाक घालून वास घ्या. रंगाचा उग्र दर्प आला की समजायचं.

सगळ्यात भरवशाची खूण मात्र बोटांना कळते. चिनी सुतार चौकटीच्या एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवतात, खिळा नाही. लाकूड वर्षानुवर्षं आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे जीभ आरपार काढलेली असेल, तर जुन्या टेबलाच्या कडेवर तिचं टोक केसभर वर आलेलं असतं. डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा, अडखळतं. अर्थात, जुनी दारं नव्या सांगाड्याला लावलेलीही खूप दिसतात, तेव्हा एकाच जागी बोट फिरवून खूश होऊ नका.

ह्वांगह्वाली आणि झितान ही लाकडांची नावं फार सहज घेतली जातात. ही लाकडं दुर्मीळ आणि अतोनात महाग. उत्तर चीनमध्ये तुमच्यासमोर बहुधा एल्म नावाच्या झाडाचं लाकूड असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता कायदा. १९११पर्यंतच्या, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोल असलेल्या वस्तू चीनबाहेर नेता येत नाहीत. १९४९पर्यंतच्या वस्तूंना तपासणी लागते, आणि पास झाली की लाखेचं लाल सील लागतं. म्हणून दुकानदार 'अस्सल मिंग' (छिंगच्याही आधीची राजवट) आणि 'घरपोच पाठवतो, काळजी नको' हे एका दमात म्हणाला, तर निदान एक थाप आहेच. रोझवुड असेल तर साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परवान्याचंही विचारा. हाँगकाँगच्या हॉलिवूड रोडवर, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानांच्या रस्त्यावर, कायदे वेगळे; तिथे भाव ऐकायला मन घट्ट हवं.

मी शेवटी बीजिंगमधल्याच गाओबेइद्यानला गेले, जुन्या धाटणीचं फर्निचर विकणाऱ्या गल्लीत, आणि सरळ 'फांगगू' मागितलं, म्हणजे जुन्यासारखं नवं. दुकानदाराचा चेहराच सैलावला. भाव लगेच खाली आला.

पाठवणीचं मात्र मी चुकले. दर घनमीटरवर ठरला, पण तो बंदरापर्यंतचाच होता. उतरवणं, कस्टम्स, घरापर्यंतचा ट्रक हे सगळं वर. दर 'दारापर्यंत' लिहून घ्या. बांधण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, आणि खोक्याच्या लाकडावर कीडमुक्तीचा गव्हाच्या लोंबीचा शिक्का आहे ना, ते पाहा.

माझ्या दोन खणी टेबलाच्या पावतीवर त्याने स्वतःहून 'नवीन' असं लिहिलं. पाहुणे मात्र अजून विचारतात, कुठल्या राजवटीतलं?