गाडी गरम झाली की बंद पडते? बॉनेट उघडण्याआधीची तयारी

कार्बोरेटरची जुनी गाडी सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, छान पळते आणि इंजिन तापलं की स्लोवर (ॲक्सिलरेटर सोडल्यावर) बंद पडते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा ठणठणीत. हा दोष गरम असतानाच पकडावा लागतो, गार इंजिनावर सगळं बरोबरच दिसतं. म्हणून सामान आधीच गाडीत हवं: मल्टिमीटर, फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्च, इन्सुलेशन असलेली पक्कड, चांगला असल्याची खात्री असलेला एक जादा प्लग, जाड हातमोजे, सुती फडकी, पाण्याची बाटली. पेट्रोलच्या आगीवर चालणारा अग्निशामक तर हवाच, तोही डिकीत नको, हाताशी.

इंजिन गार असताना पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काची) गॅप मॅन्युअलप्रमाणे आहे ना बघा आणि इग्निशन कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे तिच्या दोन लहान टर्मिनलांमधला, रेझिस्टन्स लिहून ठेवा. साध्या कॉइलला तो साधारण 3 ओहम येतो, बॅलास्टवाल्या (बाहेर वेगळा रेझिस्टर जोडलेल्या) कॉइलला 1.5 च्या आसपास. गरम झाल्यावर हाच आकडा थोडा वाढणारच. पण मीटर सर्किट तुटल्याचं दाखवत असेल, तर कॉइल बदला.

मग गाडी फिरवून तापवा. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जात असेल तर आधी कूलिंगचं काम करा, बाकीचं नंतर. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

गाडी बंद पडली की पहिल्यांदा करंट (प्लगला ठिणगी येते का ते) बघायचा, पेट्रोल नंतर. हा क्रम सुरक्षिततेसाठी आहे: पेट्रोल उघडं असताना ठिणगी पाडायची नाही. एअर फिल्टर जागेवरच ठेवा, कुठून गळत नाही ना ते बघा, एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावा, त्याची बॉडी कार्बोरेटरपासून लांब इंजिनाला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळट, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर मी आधी पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदलून बघेन. स्वस्त वस्तू आहे आणि तापल्यावरच दगा देणारी. लोक मात्र थेट कार्बोरेटर खोलायला घेतात, आणि चांगला कार्बोरेटर विनाकारण बिघडतो.

ठिणगी चांगली असेल तर इग्निशन बंद करून एअर फिल्टर काढा. चोकची (गार इंजिनासाठी हवा कमी करणारी) झडप पूर्ण उघडी हवी. टॉर्च मारून वरून आत बघा आणि ॲक्सिलरेटरची लिंक हाताने ओढा. पेट्रोलची बारीक, ठसठशीत धार आत पडली पाहिजे. धार नसेल तर बहुधा फ्लोटचा कप्पा (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं ती जागा) रिकामा आहे. टाकीचं झाकण सैल करून बघा: हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी त्यानंतर नीट चालली, तर टाकीचा हवेचा मार्ग बुजलाय. तसं नसेल तर मेकॅनिकल पंपावर ओलं फडकं ठेवा. लवकर चालू झाली तर पेट्रोलची वाफ धरत होती. मग पाइप एक्झॉस्टजवळून जातोय का ते बघा.

उलट, इंजिन बंद असताना आत पेट्रोल ठिबकत असेल आणि प्लग ओले असतील, तर पेट्रोल जास्त होतंय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, सेल्फ मारा. घरी आल्यावर फ्लोटची लेव्हल, नीडल व्हॉल्व्ह (कप्प्यात येणारं पेट्रोल अडवणारी सुई) आणि कार्बोरेटरखालचा उष्णता अडवणारा स्पेसर तपासा.

करंट आणि पेट्रोल दोन्ही ठीक निघालं, तर गरम इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. टॅपेट घट्ट बसले असतील, म्हणजे गॅप कमी असल्याने व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसतील, तर ते तिथे कळेल.