औंधच्या संग्रहालयात पोरं नेताना

पहिल्या वर्षी मी सातारा जिल्ह्यातल्या औंधला शाळेतली साठ पोरं नेली होती. अर्ध्या तासात सगळी आत जाऊन बाहेर आली. सहलीच्या निबंधात निम्म्यांनी वडापाव लिहिला, उरलेल्यांनी एसटीत कोणाला उलटी झाली ते. चूक माझीच. तेव्हापासून पंचवीसच्या वर नेत नाही.

आदल्या दिवशी वर्गात थोडंच सांगा. पी.टी.ला आपण घालतो ते सूर्यनमस्कार गावोगाव पोचवायला झटलेला राजा, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार होता. रामायणावर त्यानं चित्रं काढली, ती 1916 साली छापून निघाली. आणि 1938 साली त्यानं आपला संग्रह मुंबई-पुण्याला न ठेवता इथेच, यमाईच्या डोंगरावर, सगळ्यांना बघायला ठेवला. पोरं लगेच विचारतात, ‘इथंच का?’ उत्तर देऊ नका. त्यांना अंदाज बांधू दे.

निघण्याआधी फोन करून वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या. यात्रेचे दिवस टाळा. दप्तरं गाडीतच. हातात फक्त पॅड, दोन कोरे कागद आणि पेन्सिल. पेन नको, रंगपेटी तर नकोच.

आत गेल्यावर सगळं दाखवायचा हट्ट सोडा. मी तीनच ठिकाणी थांबतो. त्यातलं रविवर्म्याचं चित्र हमखास. आधी पोरांना दहा पावलं लांब उभं करा, साडीचा काठ बघायला सांगा. काठाची जर चमकते म्हणतात. मग दोघादोघांना पुढे पाठवा, हात मागे बांधून. जवळ गेलं की जर गायब! नुसते पिवळे, तपकिरी फटकारे. एक पोरगा पाच वेळा पुढे-मागे करत होता. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या पोरांना छायाप्रकाश शिकवण्यात माझे जेवढे खडू झिजले, तेवढं काम या दहा पावलांनी होतं.

हेन्री मूर या नामवंत इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्प इथे आहे. त्याची किंमत मात्र चुकूनही काढू नका, नाहीतर पोरं शिल्प सोडून किंमतच बघत बसतात. मी सांगतो, जमिनीवर बसा आणि आईचा हात कुठून सुरू होऊन कुठे संपतो तेवढीच रेघ काढा. पंधरा मिनिटं कोणी बोलत नाही.

मग डबे सोडायचे, वर देवीचं दर्शन.

शेवटचं काम घरचं. आपल्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या नारळ घेऊन हा डोंगर चढतात, पण संग्रहालयात पाऊल टाकत नाहीत. म्हणून माझी अट: पुढच्या वेळी दर्शनाला याल तेव्हा घरातल्या एकाला आत न्यायचं आणि आपलं चित्र दाखवायचं. सातवीतल्या एकानं आजीला नेलं. आजी रविवर्म्यापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “पदर झकास काढलाय. निऱ्या मात्र घाईत घातल्यात बाईनं.”