क्लासिक गाड्यांच्या मदतफेरीचे वेळापत्रक : चेकपॉइंटच्या वेळा ठरवताना या चुका टाळा

जुन्या गाड्यांच्या लांब पल्ल्याच्या मदतफेरीत, म्हणजे एखाद्या शाळेला किंवा संस्थेला मदत देण्यासाठी काढलेल्या फेरीत, अडचणी येतात तेव्हा दोष गाड्यांना दिला जातो. प्रत्यक्षात बऱ्याच अडचणींचे मूळ आठ-दहा दिवस आधी टेबलावर बसून आखलेल्या वेळापत्रकात असते. ते वेळापत्रक सर्वांत पुढच्या गाडीला डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते आणि त्याची किंमत सर्वांत मागची गाडी मोजते. पुढील विवेचनासाठी पुणे ते कोल्हापूर आणि दुसऱ्या दिवशी आंबोलीमार्गे पणजी असा दोन दिवसांचा मार्ग, चाळीस गाड्या आणि जानेवारी महिना असे उदाहरण धरले आहे. फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर, विलिस जीप आणि दोन-चार दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश गाड्या असा ताफा आपल्याकडे सहज जमतो आणि त्यांच्या वेगांत मोठी तफावत असते.

नकाशाच्या ॲपवरचा वेळ उचलणे

पुणे-कोल्हापूर हे सुमारे २३५ किलोमीटरचे अंतर आजची गाडी साडेचार तासांच्या आसपास कापते. आयोजक त्यात तासभर मिळवतात आणि निर्धास्त होतात. रेकीही, म्हणजे मार्गाची आगाऊ पाहणीही, बहुधा एखाद्या नव्या एसयूव्हीतून, मधल्या वारी, दुपारी केली जाते, आणि फेरी मात्र शनिवारी सकाळी, अर्धे पुणे महाबळेश्वरकडे निघालेले असताना सुटते. रेकी त्याच वारी, त्याच वेळी आणि ताफ्यातल्या एखाद्या संथ गाडीतूनच करावी. ती शक्य नसेल, तर सपाट रस्त्यावरही ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक सरासरी धरू नये.

सरासरी काढण्याची रीतही तपासून पाहावी. पुणे-सातारा या ११० किलोमीटरच्या टप्प्यात ८० किलोमीटर ताशी ५५ च्या वेगाने जातील आणि कात्रज परिसरातली कोंडी, टोलनाके व खंबाटकीचा चढ धरून उरलेले ३० किलोमीटर ताशी २० ने जातील, असे समजू. अंतराच्या प्रमाणात सरासरी काढली तर ती ताशी ४५ भरते आणि टप्पा २ तास २५ मिनिटांत संपायला हवा. खरा हिशेब मात्र वेळेचा आहे. पहिल्या भागाला १ तास २७ मिनिटे आणि दुसऱ्याला दीड तास, म्हणजे एकूण २ तास ५७ मिनिटे लागतात. सरासरी ताशी ३७ वर येते आणि पहिल्याच टप्प्यात अर्ध्या तासाचा खड्डा पडतो. प्रत्येक टप्प्याचे तुकडे पाडून त्यांच्या वेळांची बेरीज करावी. वेगांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा.

या मार्गावर हंगामाचाही विचार करावा लागतो. जानेवारीत कराड ते कोल्हापूर पट्ट्यात ऊसतोडणी ऐन भरात असते आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर महामार्गावर नि सेवारस्त्यांवर रांगेने चाललेले असतात. त्यातच सातारा-कागल टप्प्यातल्या सहापदरीकरणाच्या कामांमुळे जागोजागी वळणरस्ते निघत आले आहेत. त्यामुळे रेकी महिनाभरापूर्वी झाली असली, तरी फेरीच्या आदल्या आठवड्यात हा पट्टा पुन्हा पाहून यावा.

वेगवान गाड्यांना आधी सोडणे

सुटण्याचा क्रम हा शिष्टाचाराचा विषय समजला जातो. देखणी, मोठी, मान्यवरांची गाडी पुढे आणि बाकीच्या मागे, असा तो लागतो, आणि वेळापत्रकाचे सर्वाधिक नुकसान येथेच होते. चाळीस गाड्या एकेक मिनिटाच्या अंतराने सोडल्या, तर शेवटची गाडी ३९ मिनिटांनी सुटते. साताऱ्यापर्यंत सर्वांत वेगवान गाडीची सरासरी ताशी ५० आणि सर्वांत संथ गाडीची ३५ धरली, तर पहिलीला २ तास १२ मिनिटे लागतात आणि दुसरीला सुमारे ३ तास ९ मिनिटे. वेगवान गाडी आधी सोडल्यास पहिली आणि शेवटची गाडी साताऱ्यात पोहोचण्यात १ तास ३६ मिनिटांचे अंतर पडते. क्रम उलटा केला आणि संथ गाडी पहिली सोडली, तर हेच अंतर अवघ्या १८ मिनिटांवर येते.

हा उपाय बिनतोड मात्र नाही. संथ गाड्या आधी सोडल्या की वाटेत त्यांना सगळ्यांनी मागे टाकायचे असते, आणि चाळीस गाड्या १८ मिनिटांत एका जागी दाखल होतात. चेकपॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावर, एका गाडीचे टाइम कार्ड (वेळा नोंदवण्याचे कार्ड) पाहून, शिक्का मारून, चालकाशी दोन शब्द बोलायला दीड मिनिट लागत असेल, तर एका टेबलावर हे काम तासभर चालेल आणि रांग महामार्गावर येईल. अशा ठिकाणी किमान चार टेबले आणि चाळीस गाड्या उभ्या राहतील एवढे आवार हवे. दुसरी पद्धत अशी, की गाड्यांचे वेगानुसार आठ-आठचे पाच गट करावेत, संथ गट आधी सोडावा आणि दोन गटांमध्ये दहा मिनिटांचे अंतर ठेवावे. अंतिम टोकाला फरक फारसा बदलत नाही आणि आवारही तेवढेच लागते, पण प्रत्येक गट एकत्र राहतो. माझे मत या दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे, कारण प्रत्येक गटाला आपला एक मार्शल (देखरेख करणारा स्वयंसेवक) आणि एक मेकॅनिक देता येतो.

थांबा दहा मिनिटांचा ठेवणे

दहा मिनिटांचा थांबा कागदावर समंजस दिसतो. जुन्या इंजिनाला तोच सर्वाधिक बाधतो. चढावरून तापून आलेली गाडी बंद केली की पाण्याचा पंप आणि पंखा थांबतात, पण लोखंडात साठलेली उष्णता तेथेच राहते आणि बॉनेटखालचे तापमान काही काळ उलट वाढत जाते. पद्मिनीसारख्या गाड्यांत पेट्रोलचा यांत्रिक पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. त्यातले पेट्रोल उकळू लागते, वाफ धरते आणि पंप रिकामाच हलत राहतो. दहा मिनिटांनी चालक किल्ली फिरवतो तेव्हा उष्णता नेमकी शिगेला पोहोचलेली असते. मग बॉनेट उघडले जाते, पंपावर ओले फडके गुंडाळले जाते, त्यावर बाटलीतले पाणी थेंबथेंब सोडले जाते आणि वीस मिनिटे जातात. अशा पाच गाड्या निघाल्या की वेळापत्रकाचे तीनतेरा वाजतात.

म्हणून थांब्यांचे दोनच प्रकार ठेवावेत. एक, इंजिन चालू ठेवून खिडकीतूनच शिक्का घेण्याचा, दोन मिनिटांच्या आतला. दुसरा, बॉनेट उघडे ठेवून गाडी खरोखर निवू देण्याचा, किमान अर्ध्या तासाचा. मधला प्रकार टाळावा. चेकपॉइंटची जागाही याच हिशेबाने निवडावी. खंबाटकीच्या माथ्यावर, चढ संपतो तेथे, थांबा देणे ही सर्रास होणारी चूक आहे; घाट उतरून सुरूर-भुईंजच्या सपाटीवर काही किलोमीटर मोकळ्या हवेत धावल्यानंतर दिलेला थांबा इंजिनाला मानवतो. टोलनाक्यावरच्या रांगेतही हीच अवस्था होते. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके या वाटेवर आहेत. ज्या गाडीवर फास्टॅग नाही किंवा ज्याच्यात शिल्लक नाही, ती गाडी स्वतःसह मागच्या दहांना तापवते. फेरीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक टॅग तपासण्याचे काम एका माणसाला नावानिशी सोपवावे.

दुसऱ्या दिवशी आंबोलीत परिस्थिती उलटी असते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे आणि तेथून सावंतवाडीच्या दिशेने सलग उतार लागतो. येथे इंजिनापेक्षा ब्रेकची काळजी अधिक, कारण ड्रम ब्रेक तापले की पकड सोडतात. आंबोलीच्या वस्तीत अर्ध्या तासाचा थांबा देऊन ब्रेक तपासावेत, घाट खालच्या गिअरमध्ये उतरण्याची सूचना रोडबुकात (चालकांना दिलेल्या मार्गपुस्तिकेत) स्पष्ट लिहावी, उतारासाठी ताशी २० ते २५ चीच सरासरी धरावी आणि पुढचा चेकपॉइंट घाट संपल्यावर दाणोलीला ठेवावा. घाटाच्या मध्यावर धबधब्यापाशी छायाचित्रांसाठी ताफा थांबवण्याची हौस आवरलेली बरी.

सर्वांनी एकाच पंपावर पेट्रोल भरणे

एका गाडीला चार मिनिटे आणि दोन नळ्या, एवढ्या गणितावर चाळीस गाड्यांना ८० मिनिटे लागतात. टाक्या आदल्या रात्री भरून घ्याव्यात. पहिल्या दिवशी लहान टाकीच्या गाड्यांनाच गटागटाने वेगवेगळ्या पंपांवर पाठवावे आणि बाकीच्यांनी कोल्हापुरात मुक्कामी पोहोचल्यावर भरावे.

उद्घाटन आणि कार्यक्रमाच्या वेळा ताफ्याला बांधणे

मदतफेरीत हा सर्वांत नाजूक भाग आहे. सकाळी ७ वाजता झेंडा दाखवायचा असतो आणि पाहुणे पावणेनऊला येतात. याचा परिणाम संध्याकाळपर्यंत कसा पोहोचतो ते पाहावे. ताशी ३५ च्या सरासरीने कोल्हापूरला ६ तास ४३ मिनिटे लागतात आणि थांबे दोन तासांचे. सर्वांत संथ गाडी अगदी शेवटी, ७:३९ ला, सुटली असे धरले तरी ती ४:२२ ला पोहोचते. जानेवारीत तेथे सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दुरुस्तीसाठी दोन तास हाताशी राहतात. सुटण्याची वेळ ९ झाली की तीच गाडी ६:२२ ला, ऐन अंधार पडताना, सहा व्होल्टच्या मिणमिणत्या दिव्यांनिशी कोल्हापुरात शिरते. तेही वाटेत काही बिघडले नाही तर. पाहुण्यांना दिलेल्या निमंत्रणातच ‘गाड्या ७ वाजता सुटतील’ असे लिहावे आणि त्या सोडाव्यात. पाहुण्यांच्या हस्ते उरलेल्या गटाला झेंडा दाखवता येतो.

ज्या शाळेला किंवा संस्थेला मदत द्यायची, तेथला कार्यक्रम सगळ्या गाड्या येण्यावर अवलंबून ठेवू नये. साताऱ्यातल्या शाळेत कार्यक्रम १० वाजता छापला की मुले साडेनऊपासून पटांगणात रांगेत बसतात, आणि ताफा मात्र १० नंतरच पुरता जमतो. कार्यक्रम १०:४५ ला ठेवावा, धनादेश देणारी व्यक्ती ताफ्याबाहेरच्या गाडीने आधीच पाठवावी आणि भाषणे एवढी आखूड ठेवावीत की पहिल्या गटाला वेळेवर निघता येईल. गाड्या पाहण्याचा मुलांचा आनंद भाषणांपेक्षा मोठा असतो, हे सांगण्याची गरज नसावी.

चेकपॉइंटला एकच वेळ देणे

‘सातारा १०:१०’ असे रोडबुकात लिहिले की चालक त्याला गाठण्याची वेळ समजतो आणि उशीर झाला की वेग वाढवतो. लवकर येणाऱ्याला गुण दिले तर फेरीची शर्यतच होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करता येत नाही, आणि निपाणीमार्गे गेल्यास हा मार्ग महाराष्ट्र, कर्नाटक व गोवा अशा तीन राज्यांतून जातो, हेही विसरू नये. इंग्लंडमधल्या लंडन-ब्रायटन व्हेटरन कार रन या जुन्या गाड्यांच्या फेरीत १९०५ पूर्वीच्या गाड्या धावतात. तेथे सरासरी वेगाला ताशी २० मैलांची मर्यादा आहे आणि दुपारी साडेचारच्या आत पोहोचणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळते. पहिला कोण, याची नोंद महत्त्वाची नसते.

एका वेळेऐवजी उघडण्याची आणि बंद होण्याची अशा दोन वेळा द्याव्यात. लांब पल्ल्याच्या सायकल ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या सायकलफेरीत, ही पद्धत रुळलेली आहे. पहिल्या २०० किलोमीटरपर्यंत चेकपॉइंट ताशी ३४ च्या हिशेबाने उघडतो आणि ताशी १५ च्या हिशेबाने बंद होतो. आपल्या उदाहरणात सर्वांत वेगवान गाडी ७:३९ ला सुटून ताशी ५५ ने आली तर ९:३९ ला साताऱ्यात येते, म्हणून चेकपॉइंट ९:३० ला उघडावा. सर्वांत संथ गाडी ७ ला सुटली आणि अपेक्षेहून हळू, ताशी ३० ने, आली तर १०:४० होतात. त्यात दुरुस्तीची ५० मिनिटे मिळवून तो ११:३० ला बंद करावा. उघडण्याआधी आलेल्या गाडीला बाहेर थांबवावे, म्हणजे पळवण्यातला फायदाच संपतो.

अंतरांच्या बाबतीत जुन्या गाडीच्या मीटरवर भिस्त ठेवू नये. काही मीटर मैलांत असतात, आणि मूळ मापापेक्षा वेगळे टायर बसवले असतील तर तीन टक्क्यांची चूक सहज होते, जी साताऱ्यापर्यंत तीन किलोमीटरहून अधिक भरते. रोडबुकातली अंतरे प्रत्येक चेकपॉइंटपासून पुन्हा शून्याने सुरू करावीत आणि सर्व मार्शलांनी मनगटी घड्याळाऐवजी मोबाइलवरची वेळच नोंदवावी.

उशीर झाल्यावर पुढचे थांबे कापत जाणे

फेरीच्या दिवशी उशीर होणारच. तो कोठे जिरवायचा हे आधी ठरलेले असावे. प्रत्येक थांब्यातून पाच-पाच मिनिटे कापली की पुन्हा तो दहा मिनिटांचा घातक थांबा तयार होतो. त्याऐवजी दुपारचे जेवण कराडजवळ दीड तासाचे आखावे, म्हणजे अर्धा तास उशीर तेथे बिनबोभाट सामावतो. त्याहून अधिक उशीर झाला, तर कराड-कोल्हापूर दरम्यानचा एखादा चेकपॉइंट सरळ रद्द करावा आणि तो निर्णय एकाच व्यक्तीने सर्व गटप्रमुखांना कळवावा. अर्ध्या तासात सुरू न होणारी गाडी टो व्हॅनवर चढवून मुक्कामी न्यावी. रस्त्याच्या कडेला कार्ब्युरेटर उघडून बसण्याची परवानगी मालक कितीही गळ घालत असला तरी देऊ नये.

चेकपॉइंट बंद करण्याची वेळ कागदावर ११:३० असली, तरी मार्शलने टेबल आवरण्यापूर्वी सर्वांत मागून येणारी स्वीप गाडी समोरून गेल्याची खात्री करावी, सुटलेल्या आणि पोहोचलेल्या गाड्यांचे क्रमांक ताडून पाहावेत आणि आकडा जुळत नसेल तर पुढच्या चेकपॉइंटला निघण्याऐवजी त्या गाडीच्या चालकाला फोन लावावा.